स्त्रीपार्टीची जोखीम

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगणारे लोक बालगंधर्वांच्या शालूबद्दल भरभरून बोलतात. तो नऊवारी शालू नेसून, पेटत्या दिव्यांपासून चार हातांवर उभं राहून रात्रभर गायचं म्हणजे अंगावर काय काय घ्यावं लागतं, याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. मला बोलायचं आहे. माझं माहेर कुडाळकडचं, वडील दशावतारात स्त्रीपार्टी करायचे. सासर कोल्हापुरातलं, ड्रेपरीच्या धंद्यातलं. नाटकं, मेळे, तमाशे, शाळांची गॅदरिंगं या सगळ्यांना आमच्याकडून कपडेपट जायचा. बाईचं सोंग पुरुषाला घरी आणि कामावर काय मागतं, हे मी लहानपणी उंबऱ्याच्या आतून पाहिलं आणि लग्नानंतर विंगेतून पाहिलं.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सीता मुलगाच होता. घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहायचं नाही, हा समाजाचा दंडक. मग नाजूक बांध्याची, गोड गळ्याची मुलं शोधायची, आईबापांची समजूत घालायची आणि मुलाला कंपनीत आणायचं. स्त्रियांच्या स्वतःच्या काही नाटक मंडळ्या त्याच शतकात निघाल्या, पण प्रतिष्ठित संगीत नाटक पुरुषांच्याच हाती राहिलं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' आणलं, पुढं 'सौभद्र' आलं. त्यांत स्त्रीपार्टी करणाऱ्या भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यासाठी गावंच्या गावं लोटली. भाऊराव १९०१ मध्ये गेले, तेव्हा ते चाळिशीलाही पोचले नव्हते.

या पोरांच्या कामाची पहिली जोखीम निसर्गच घालायचा. तेराव्या-चौदाव्या वर्षी कंठ फुटायचा. कालपर्यंत ज्याच्या गाण्यावर कंपनीचा गल्ला भरायचा, त्या मुलाचा आवाज एका हंगामात फाटायचा. कुणाला पुढं पुरुषपार्टी मिळायची, कुणाचा गळा पुन्हा बसायचा, कुणी वाढप्याच्या कामाला लागायचं. केशवराव भोसले लहानपणी 'शारदा' गाजवून पुढं मर्दानी भूमिकांतले मोठे गायक नट झाले. विष्णुपंत पागनीस स्त्रीपार्टीतूनच आले आणि १९३६ मध्ये प्रभातच्या चित्रपटात संत तुकाराम झाले. ही नावं आपल्याला आठवतात. आवाज फुटला आणि पुन्हा जमलाच नाही, अशा मुलांची नावं कुठल्याच जाहिरातीत राहिली नाहीत. त्यांना शाळाही नव्हती आणि दुसरं कसबही नव्हतं.

दुसरी जोखीम विस्तवाची. आधी तेलाचे दिवे आणि पलिते, मग रॉकेल, मग किटसनच्या बत्त्या. नऊ वार कापड, त्यावर जरी, कंबरेखाली निऱ्यांचा घोळ, डोक्यावर गंगावण आणि पाठीवर मोकळा पदर. नट समोर बघून गातो. पदर मागं कुठं लोळतोय हे त्याला दिसत नाही. जी बाई रोज चुलीपुढं बसते, तिचा हात पदर सावरायला आपोआप जातो. सहा वार असो की नऊ, कपड्याचं भान तिच्या अंगात असतं. पुरुषाला ते महिनोन् महिने शिकावं लागतं, आणि शिकलेला हात गाण्यात रंगला की विसरतो.

माझ्या वडिलांच्या डाव्या दंडावर कोपरापासून वर भाजल्याचा व्रण होता. जत्रेत देवळामागच्या पडवीत गॅसबत्तीला पंप मारताना ती भडकली आणि त्यांच्या पदरानं पेट घेतला. मृदंगवाल्यानं स्वतःच्या हातांनी तो विझवला. वडिलांनी त्या रात्री दंडाला खोबरेल लावून तारामती पुरी केली. गावात हे कौतुकानं सांगितलं जायचं. आईनं कधीच कौतुकानं सांगितलं नाही, आणि मला तिचंच बरोबर वाटतं. एका पडवीत दहा माणसं रंगायला बसतात, उजेडाला एकच बत्ती, कोपऱ्यात कपड्यांचे पेटारे. अशा जागी आग लागणं यात नवल ते काय?

माझे मामंजी याबाबत फार कडक होते. पदराला पिन लावायची ती एकच, आणि हिसका दिला की सुटेल अशी. निऱ्या घोट्याच्या वर चार बोटं. विंगेत घोंगडी भिजवून ठेवलेली आणि वाळूची बादली. नट आत येताना निऱ्या हातानं उचलायला एक माणूस उभा, कारण पायरीवर अंगठा निरीत अडकून पडलेले नट त्यांनी पाहिले होते. शिवलेली तयार नऊवारी बाजारात आली, तेव्हा सगळ्यांना सोय वाटली. मामंजींना पटलं नाही. नेसवलेलं लुगडं पेटलं तर ओढून फेकता येतं, शिवलेलं अंगावरच राहतं, असं ते म्हणायचे. नायलॉन आणि टेरिलीन आल्यावर तर धोका वाढलाच. सुती कापड जळून राख होतं. हे कापड वितळून कातडीला चिकटतं. दिसायला चकचकीत, धुवायला सोपं आणि स्वस्त, म्हणून आज बहुतेक सगळा कपडेपट त्याच कापडाचा झाला आहे.

कंबर आवळण्याचा एक वेगळाच तिढा होता. प्रेक्षकाला सिंहकटी हवी, गाणाऱ्याला पोटात दम हवा. कमरपट्टा जोरात आवळला की तान अर्ध्यावर तुटते, काहींना भोवळ येते. म्हणून आमच्याकडं बांधणी कंबरेच्या खाली, खुब्यांच्या हाडांवर घ्यायचे आणि चोळीत कापडाच्या घड्या घालून वरचा भाग भरायचे. त्या घड्यांखाली उन्हाळ्यात कातडी सोलून निघायची. नाक टोचलेलं नसलं तर चापाची नथ लावायची. तीन तासांनी नाकपुडी निळी पडायची. या सगळ्यावर नटानं लाजायचं आणि मुरकायचं असतं.

रंगाचं तर विचारूच नका. जुना सफेदा शिशाचा असायचा. मुरदाडशिंग हाही शिशाचाच प्रकार. ओठ-गालांचा हिंगूळ पाऱ्याचा. स्त्रीपार्टीला दाढी दिवसातून दोनदा घोटावी लागते, म्हणजे चेहऱ्यावर वस्तऱ्याचे बारीक काप, आणि त्यावर हा लेप. डोळ्यांची आग, फोड, काळे डाग हे धंद्याचंच देणं मानलं जायचं. माझ्या आईला शिसं-पारा काही माहीत नव्हतं. पण पहाटे वडील आले की ती दारातच तांब्या घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आदी तोंड धुवा, मगे पोराक घेवा." रंगलेल्या हातानं त्यांनी धाकट्याला कधी उचललं नाही. रंगाचा रुमाल वेगळा, तो धुवायचा दगडही वेगळा. तिला हे कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण तिनं आमची राखण केली.

घरी आणखी एक प्रश्न होता मिशीचा. हिंदू घरात बाप गेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे घरावर अभद्र ओढवून घेणं. दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी हीच अडचण आली. तारामती करायला कुणी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकाचं काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी उभं केलं. चित्रपट १९१३ मध्ये लागला. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. आमचे आजोबा जिवंत होते तोवर कार्तिकापासून वैशाखापर्यंत वडिलांचं तोंड त्यांना बघवत नसे. पावसाळ्यात वडील शेती करायचे, मिशी वाढायची, आणि घरात बोलणं सुरू व्हायचं.

नट घरचं दुःख घेऊन रंगपटात जातो आणि रंगपटातलं सोंग घेऊन घरी येतो, तेव्हा दोन्हीकडं त्याचं चित्त अर्धं असतं. बालगंधर्वांची ती गोष्ट सगळ्या मराठी माणसांना ठाऊक आहे. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली, आणि प्रयोग रद्द न करता ते भामिनी म्हणून उभे राहिले. आपण ही गोष्ट निष्ठेचा दाखला म्हणून सांगतो. मला त्यात दुसरंही दिसतं. घरात लेक गेलेली, आणि बाप अंगावर दागिने घालून प्रेक्षकांसमोर नवयौवना होतो आहे. त्या घरातल्या आईवर त्या रात्री काय ओढवलं असेल? कंपनीच्या हिशेबात तिला जागा नव्हती.

बालगंधर्वांनी १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली आणि कपडेपटावर पाण्यासारखा पैसा ओतला. अस्सल शालू, पैठण्या, दागिने. त्यांचं बघून पुण्या-मुंबईच्या बायका पदर घेऊ लागल्या, केसांत गजरे माळू लागल्या. याच माणसानं १९१९ मध्ये 'एकच प्याला'त सिंधू करताना फाटकं, ठिगळाचं लुगडं नेसलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसाचा पोशाख तो होता. देखणेपणावर ज्याचं पोट, त्यानं देखणेपण उतरवून ठेवलं आणि लोक तरीही रडले. पण कर्ज वाढत गेलं, वय वाढत गेलं, अंग सुटलं, आणि स्त्रीपार्टी सोडवली नाही. १९३५ मध्ये 'धर्मात्मा' चित्रपटात ते एकनाथ झाले, पण मन परत लुगड्याकडंच गेलं. शेवटी पाय गेले. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

तमाशाच्या फडात जोखीम आणखी उघडी होती. बायकी सोंग करणारा नाच्या हा फडाचा अविभाज्य गडी, पण त्याला मिळायचे शिट्टी, चिमटा आणि घाणेरडे बोल. कोल्हापूरचे गणपत पाटील मराठी पडद्यावरचे सर्वांत नावाजलेले नाच्या. ते संसारी गृहस्थ होते, मुलाबाळांचे बाप होते. पडद्यावरची चाल लोकांनी त्यांच्या घरापर्यंत नेली आणि टोमणे घरच्यांनी सोसले. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवर २०१० मध्ये आलेला चित्रपट पाहून लोक हळहळले. त्यातल्या पैलवान गुणावर नाच्या झाला म्हणून जो अत्याचार होतो, तो पाहताना थिएटरात माझ्या शेजारी बसलेली बाई उठून बाहेर गेली. मला तो प्रसंग नवा नव्हता. आमच्याकडचे जुने लोक नाच्याला फडाबाहेर एकटा सोडत नसत, रात्री लघवीला जाताना बरोबर ढोलकीवाला असायचा. कुणी याची कारणं सांगत नसे, पण नियम कुणी मोडतही नसे.

आम्हा भावंडांना शाळेत चिडवायचे. "तुझो बापूस बायलमाणूस" असं ओरडत पोरं मागं लागायची. वडिलांना मी एकदा विचारलं की तुम्ही राजा का होत नाही. ते म्हणाले, "राजा कोणीय जाता. द्रौपदी माका जमता." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कसबाचा अभिमान होता, आणि तो मला आजही पुरतो.

१ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर'नं 'आंधळ्यांची शाळा' आणली. ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक त्यात उभ्या राहिल्या. त्याआधी हिराबाई बडोदेकरांनी आपल्या मंडळीतून स्त्रियांना रंगमंचावर आणलं होतं. शहरी नाटकातली स्त्रीपार्टी हळूहळू संपली आणि ते योग्यच झालं. बाईची कामं बाईनं करावीत. पण सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या शेजारच्या गावांत दशावतारी मंडळ्या आजही हंगामभर फिरतात, आणि त्यांतली द्रौपदी, तारामती, मोहिनी अजूनही पुरुषच करतो. शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मंडपात मुलगे मुली होतात. म्हणजे जोखीम आजही चालूच आहे.

एक साधी गोष्ट सांगते, जी कुठल्याच नाट्येतिहासात नाही. लुगडं नेसलेला पुरुष जत्रेत लघवीला कुठं जाणार? पुरुषांच्या गर्दीत गेला तर चेष्टा आणि धक्काबुक्की, बायकांच्या बाजूला गेला तर आरडाओरडा. म्हणून स्त्रीपार्टी करणारे नट संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. वडिलांना उतारवयात मूतखड्याचा त्रास झाला. त्याचं कारण हेच, असं डॉक्टरांनी म्हटलं नाही, पण आई मात्र तेच म्हणायची.

जत्रेची कमिटी, मंडळांचे कार्यकर्ते, शाळांचे गुरुजी आणि बाई, तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. स्त्रीपार्टीच्या नटाला कडी असलेली एक खोली द्या. तिथं विजेचा चांगला दिवा, पाण्याची बादली आणि शेजारी संडास असू द्या. रंगपटाजवळ वाळू आणि ओलं घोंगडं ठेवा, सिगारेटवाल्याला तिथं फिरकू देऊ नका. पोशाख भाड्यानं घेताना सुती मागा, दोन पैसे जास्त पडले तरी. मुलाच्या चेहऱ्याला खुला रंग लावू नका, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. आणि प्रयोग संपल्यावर त्याला त्या वेशात एकट्याला घरी पाठवू नका, एखादा जाणता माणूस बरोबर द्या.

यातलं काहीच महाग नाही. माझ्या वडिलांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.