नोंदवहीत नसलेली माणसं

माझा भाचा टोकियोत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो, तेव्हा मला दाखवायच्या ठिकाणांची त्यानं यादीच करून ठेवली होती. मी म्हटलं, मला इझुमोझाकीला जायचंय. तो चकित झाला. "मामू, तिथं काय आहे?" मी म्हटलं, "एक रस्ता आहे. आणि त्या रस्त्यावर एका कवीचं घर होतं."

इझुमोझाकी हे जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, निगाता प्रांतातलं छोटं गाव. मागे टेकड्या, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी घरांची रांग सुमारे ४ किलोमीटर चालते. घराचं आढं रस्त्याला समांतर नाही, काटकोनात आहे. त्यामुळे प्रत्येक घराची त्रिकोणी बाजू रस्त्याकडे येते. तोंड अरुंद, आत मात्र घर खोलवर गेलेलं. पूर्वी कर दर्शनी रुंदीवर बसायचा म्हणून लोकांनी अशी घरं बांधली, असं तिथं सांगतात. मला हसू आलं. घरपट्टी वाचवायची अक्कल कुठल्याच देशाला शिकवावी लागत नाही!

जुन्या काळी हे टप्प्याचं गाव होतं. इथं घोडे बदलायचे, हमाल मिळायचे, प्रवासी रात्रीपुरते टेकायचे. १६८९ साली कवी बाशो आपल्या पायी यात्रेत इथं एक रात्र राहिला होता. पण गावाचा खरा मान सोन्यामुळे. समोरच्या सादो बेटावर १६०१ मध्ये सोन्याचांदीच्या मोठ्या खाणी सापडल्या. तिथलं सोनं होडीनं या बंदरात उतरायचं आणि घोड्यांच्या पाठीवर एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जायचं. म्हणून शोगुनानं हे गाव थेट आपल्या अंमलाखाली ठेवलं होतं.

सोनं या रस्त्यानं राजधानीकडे जायचं. उलट दिशेनं काय यायचं? माणसं यायची. १७७८ पासून एदोतून माणसं पकडून सादोच्या खाणीत पाठवायला सुरुवात झाली. पहिल्या तुकडीत ६० जण होते. खाणीत झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसायचं, हे त्यांचं काम. त्यांना म्हणत 'मुशुकु', म्हणजे ज्यांचं नाव कुठल्याही गावाच्या नोंदवहीत नाही असे. कुणी दुष्काळात गाव सोडलेला, कुणाला घरच्यांनी टाकलेलं. त्यांतल्या अनेकांनी दुसरा काही गुन्हा केलेलाच नव्हता. नोंदवहीत नाव नाही, एवढंच पुरे होतं.

आता ज्या कवीच्या घरासाठी मी गेलो, त्याच्याकडे येतो. र्‍योकान. जन्म १७५८. या गावच्या मुखियाचा थोरला मुलगा. तंटे मिटवणं, कर गोळा करून वर पोचवणं आणि माणसांची नोंदवही ठेवणं, ही मुखियाची कामं. ती गादी र्‍योकानला मिळायची होती. वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास तो उठला आणि शेजारच्या अमाझे वस्तीतल्या मठात जाऊन राहिला. संन्यास घेण्याला जपानी भाषेत जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ 'घर सोडणं'. पुढे १७७९ मध्ये तो गुरूबरोबर दूर गेला. म्हणजे ते पहिले ६० जण सादोला निघाले, त्या वर्षी हा विशीतला मुलगा अजून याच किनाऱ्यावर होता.

कित्येक वर्षांनी तो या मुलखात परतला, पण वाड्यात गेला नाही. कुगामी डोंगरावरच्या झोपडीत राहिला. भिक्षा मागायची, कविता लिहायच्या आणि वाटेत पोरं भेटली की त्यांच्याशी चेंडू खेळायचा. आमच्याकडे अशा माणसाला फकीर म्हणतात. इकडे धाकट्या भावानं सांभाळलेली मुखियाची गादी बुडाली. १८१० मध्ये मालमत्ता जप्त झाली आणि भाऊ हद्दपार झाला. त्या वाड्याच्या जागी १९२२ मध्ये र्‍योकानच्या नावाचं एक छोटं देऊळ बांधलं. मागे त्याचा बसलेला पुतळा आहे, तोंड सादोकडे. त्याची आई सादोची होती.

त्या पुतळ्याशेजारी मी बराच वेळ बसलो. हवेत भाजलेल्या माशांचा वास होता. मनात मात्र दिल्ली होती. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोची जागतिक वारसा समिती आपल्या नवी दिल्लीत भरली होती. तिथंच सादोच्या खाणी वारसायादीत आल्या. त्याआधी वाद झाला. दुसऱ्या महायुद्धात कोरियातून आणून या खाणीत राबवलेल्या मजुरांचं काय, असा प्रश्न कोरियानं विचारला. त्या मजुरांची माहिती बेटावर मांडायची जपाननं कबूल केलं, तेव्हा वाट मोकळी झाली. जुन्या वास्तू जपणं त्या मानानं सोपं. त्या वास्तूंसाठी कोण राबलं, ते लिहून ठेवणं अवघड जातं.

संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी मालकीणबाईंनी वही पुढे केली. नाव, देश, पत्ता. मग पासपोर्टची प्रत काढून घेतली. परदेशी पाहुण्यासाठी तिथं तसा नियमच आहे. बाई हसून वाकल्या आणि दोन्ही हातांनी किल्ली दिली. मला त्या रात्री गाद्या मिळाल्या, गरम चहा मिळाला, खिडकीतून समुद्र ऐकू आला. वहीत नाव लिहिताना माझा हात जरा अडखळला होता. बाईंना वाटलं, पेन चालत नाही. त्यांनी लगेच दुसरं आणून दिलं.