बाहुलीतील माणूस : नेत्रप्रतिबिंब, छायाचित्रण आणि ओळख

मराठीत डोळ्याच्या मध्यभागी दिसणाऱ्या काळ्या छिद्राला ‘बाहुली’ म्हणतात. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिले असता पाहणाऱ्याची इवलीशी आकृती तेथे दिसते, हे निरीक्षण या शब्दात दडलेले आहे. संस्कृतातील ‘कनीनिका’, लॅटिनमधील ‘प्युपिला’ आणि फारसीतील ‘मर्दुमक’ या शब्दांमागेही लहान मुलीची, बाहुलीची वा छोट्या माणसाची कल्पना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात प्रजापती इंद्र व विरोचन यांना, डोळ्यात दिसणारा पुरुष म्हणजेच आत्मा, असे सांगतो. दोघेही त्याचा अर्थ प्रतिबिंब असाच घेतात. विरोचन तेवढ्यावर समाधान मानून परततो. इंद्राला मात्र शंका येते. डोळ्यातील आकृती नेमकी कोणाची, हा प्रश्न इतका जुना आहे.

ही आकृती बाहुलीतच का दिसते, याचे उत्तर प्रकाशशास्त्रात मिळते. डोळ्याचा पारदर्शक पडदा हा सुमारे ७.८ मिलिमीटर त्रिज्येचा बहिर्वक्र आरसा होय. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम दोन-अडीच टक्के परावर्तित होतो आणि प्रतिमा पृष्ठभागाच्या सुमारे चार मिलिमीटर मागे, म्हणजे जवळजवळ बाहुलीच्याच पातळीवर भासते. मीटरभर अंतरावरील माणसाचा चेहरा तेथे एका मिलिमीटरहूनही लहान होतो. म्हणूनच निकटदर्शी छायाचित्रणात भिंगाचा रोख पडद्यावर न धरता त्याच्या किंचित मागे धरावा लागतो. शिवाय डोळा थेट कॅमेऱ्याकडे पाहत असेल, तर बाहुलीत सर्वप्रथम उमटतो तो कॅमेराच. छायाचित्रकाराला स्वतःला वगळता येत नाही, ही या प्रकाराची मोठीच अडचण. साधनाची चिकित्सा करणाऱ्या इतिहास-अभ्यासकाला मात्र ती सोयीची वाटावी. देवपुरातील एखाद्या स्टुडिओत काढलेल्या व्यक्तिचित्रातही डोळ्यांतील पांढऱ्या ठिपक्यांवरून दिवे कोठे होते, हे सांगता येते.

पुर्किन्ये याने १८२३ मध्ये डोळ्यातील परावर्तित प्रतिमांचे वर्णन केले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली, तेव्हा युरोपात हेल्महोल्ट्झ अशा प्रतिमांच्या आकारावरून पडद्याची वक्रता मोजू लागला होता. प्लासिदो याने १८८० मध्ये वर्तुळांची तबकडी वापरली, तर गुलस्ट्रांड याने १८९६ मध्ये त्या वर्तुळांच्या प्रतिबिंबाचे छायाचित्र घेऊन मोजमाप केले. मृताच्या डोळ्यात मारेकऱ्याचे चित्र उरते, ही त्याच काळातील लोकसमजूत निराळी. ती दृष्टिपटलाविषयीची होती आणि गुन्हेतपासात निरुपयोगीच ठरली.

खानदेशात या इतिहासाला अनपेक्षित वळण मिळाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्यासाठी बोटांच्या ठशांबरोबरच बुबुळांच्याही प्रतिमा घेतल्या जातात. काळेभोर बुबुळ साध्या प्रकाशात उत्तम आरसा ठरते, कारण गडद पार्श्वभूमीवर प्रतिबिंब उठून दिसते; पण त्यामुळेच बुबुळाची वीण झाकली जाते. यंत्र अवरक्त प्रकाशात ती वीण वाचते आणि प्रतिबिंबाचा चकाकणारा भाग हिशेबातून वगळते. ज्या आकृतीवरून बाहुलीला नाव मिळाले, तीच येथे दोष ठरली. पाहणारा पुसला गेला. नोंद राहिली ती केवळ ज्याला पाहिले त्याची.

तीनच वर्षांनी याच्या नेमके उलट घडले. २०१३ मध्ये जेंकिन्स व कर या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ३९ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या चेहऱ्यांतील बाहुल्या मोठ्या करून, समोर उभ्या असलेल्यांचे चेहरे वेगळे काढले. त्या चेहऱ्यांचे क्षेत्र सरासरी अवघे ३२२ पिक्सेल होते. तरीही अनोळखी निरीक्षकांनी ७१ टक्के, तर परिचितांनी ८४ टक्के वेळा ते अचूक जुळवले. ओलीस ठेवलेल्यांच्या वा अत्याचारग्रस्त बालकांच्या छायाचित्रांतून गुन्हेगार शोधता येईल, अशी आशा या संशोधकांनी व्यक्त केली. छायाचित्र काढून घेणाऱ्याची संमती विचारण्याची रीत आहे. त्याच्या डोळ्यात उमटलेल्या तिसऱ्या माणसाला मात्र आपण तेथे आहोत, याची कल्पनाही नसते.