‘थिसलगॉर्म’ पाहायला जाताना

इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाजवळ, तांबड्या समुद्राच्या तळाशी ‘एसएस थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज विसावले आहे. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमधील ब्रिटिश फौजांसाठी रसद घेऊन निघालेले हे जहाज सुएझचा मार्ग मोकळा होण्याची वाट पाहत नांगर टाकून उभे होते. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी मध्यरात्रीनंतर क्रीटवरून आलेल्या जर्मन विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. मागील भागातील दारूगोळ्याचा स्फोट होऊन जहाज बुडाले आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. फ्रेंच सागर संशोधक जाक कूस्तो यांच्या पथकाने १९५० च्या दशकात ते शोधून काढले. मोटारसायकली, लष्करी ट्रक, रायफली आणि रबरी बुटांचे ढीग आजही त्याच्या पोटात आहेत. रेल्वेची दोन इंजिने तर स्फोटाने उडून जहाजाच्या दोन बाजूंना वाळूत पडली आहेत. बुडालेली जहाजे पाहण्याची आवड असलेल्या पाणबुड्यांच्या यादीत ‘थिसलगॉर्म’चे नाव अग्रभागी असते, ते यामुळेच.

मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली अर्धा तास काढला, म्हणजे येथे उतरता येईल, असे मात्र नाही. जहाजाचा डेक साधारण १६ ते १८ मीटरवर, तर तळ ३० मीटरच्या आसपास आहे. ‘ओपन वॉटर’ या पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर. त्यामुळे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्र हाती असलेले बरे. प्रवाह कधी कधी इतका जोरदार असतो, की दोर धरूनच खाली जावे लागते. साध्या हवेऐवजी ३२ टक्के ऑक्सिजन असलेले नायट्रॉक्स वापरल्यास तळाशी अधिक वेळ थांबता येते. या मिश्रणाची सुरक्षित खोली सुमारे ३३ मीटर असल्याने ते येथे सोयीचे ठरते, मात्र त्यासाठीही वेगळे प्रशिक्षण लागते. जहाजाच्या आत शिरणे हा तर स्वतंत्र विषय. पायातील फिनच्या एका फटकाऱ्याने गाळ उठतो आणि क्षणात बाहेरचा मार्ग दिसेनासा होतो. म्हणूनच हवेचा एक तृतीयांश साठा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला संकटासाठी, हा हिशेब अनुभवी पाणबुडे कटाक्षाने पाळतात.

शर्म अल शेखहून एका दिवसाची सफर पहाटेपूर्वी निघते आणि जहाजापर्यंत पोहोचण्यासच काही तास लागतात. मुक्कामी नौकेने गेल्यास दिवसाच्या नौकांची गर्दी होण्यापूर्वी, सकाळी लवकर उतरता येते. खर्च परवडत असेल तर हाच पर्याय उत्तम. तथापि, खरी कसोटी आहे ती संस्था निवडण्याची. जून २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात ‘हरिकेन’ या मुक्कामी नौकेला आग लागून तीन ब्रिटिश पर्यटकांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सी स्टोरी’ रात्रीच्या वेळी उलटली. त्यातील अकरा जण मृत वा बेपत्ता झाले. म्हणजे पाण्याखालच्या धोक्याइतकाच पाण्यावरचा धोकाही विचारात घ्यायला हवा.

ऑपरेटरला पैसे भरण्यापूर्वी प्रश्न विचारण्यात संकोच नको. रात्री नौकेवर पहाऱ्याला जागा माणूस असतो का? खालच्या केबिनमधून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोणता, आणि तो कुलूपबंद तर नसतो? ऑक्सिजन संच व लाइफ जॅकेटे किती? एका गाइडमागे किती पाणबुडे? हवामान बिघडल्यास सफर रद्द होते का, आणि पैशांचे काय? पहिल्याच दिवशी, कौशल्य न तपासता थेट ‘थिसलगॉर्म’वर नेण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे. चांगली संस्था ग्राहकाकडे प्रमाणपत्र आणि अलीकडच्या डायव्हची नोंदवही मागते. असे काहीच न विचारणारी संस्था स्वस्त असली, तरी तिचा मोह टाळावा.

आणखी एक प्रश्न जहाजासाठी विचारावा: नौकेचा दोर कशाला बांधला जातो? वर्षानुवर्षे नौका थेट जहाजालाच बांधल्या गेल्याने त्याचे कठडे आणि पत्रे उखडले गेले आहेत. शिवाय मोटारसायकलींचे सुटे भाग ‘आठवण’ म्हणून पळविणारे महाभागही कमी नाहीत. नऊ जणांचा जेथे अंत झाला, तेथून काही उचलू देणाऱ्या गाइडबरोबर पाण्यात न उतरणेच योग्य.

प्रवासाचा विमा घेताना त्यात स्कूबा डायव्हिंगचा आणि दाबकक्षातील उपचारांचा समावेश आहे का, हे वाचून घ्यावे. अनेक साध्या पॉलिसींत तो नसतो. परतीचे तिकीटही बेताने काढावे. लागोपाठच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. मुंबईला परतण्याच्या घाईत अनेक जण नेमका तोच विसरतात.