कार्लाइल इंडियन स्कूलचा फुटबॉल हंगाम (१९१२)

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलच्या संघाने सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१२ या काळात गाजवलेला हंगाम. चौदा सामन्यांत बारा विजय, एक पराभव आणि एक बरोबरी. केलेले गुण ५०४, दिलेले ११४. हा फुटबॉल अर्थातच अमेरिकी, म्हणजे लांबट चेंडू हाती धरून प्रतिस्पर्ध्यांना चुकवत किंवा धडका देत पुढे नेण्याचा. कार्लाइल हे कॉलेज नव्हते, तरी तिथला संघ देशातल्या नामांकित कॉलेजांशी खेळत असे.

ही निवासी शाळा रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये सैन्याच्या जुन्या छावणीत काढली. ‘इंडियन’ म्हटल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींची मुले घरापासून दूर आणायची, त्यांचे केस कापायचे, अंगावर गणवेश चढवायचा आणि मातृभाषा बोलायला बंदी घालायची, हा तिथला शिरस्ता. कित्येक मुले तिथेच आजारपणात दगावली. संघाच्या विजयांची मोठी यादी वाचताना हे विसरून चालत नाही.

प्रशिक्षक होते ग्लेन ‘पॉप’ वॉर्नर. चेंडू घेऊन धावणारा हाफबॅक जिम थॉर्प हा ओक्लाहोमातील सॅक अँड फॉक्स जमातीचा खेळाडू त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांची सुवर्णपदके जिंकून परतला होता. चाली पुकारणारा क्वार्टरबॅक गस वेल्च, जो गायॉन आणि अॅलेक्स अर्कासा हे त्याचे तोलामोलाचे सहकारी.

नियमही त्याच वर्षी बदलले होते. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) गुण पाचावरून सहा झाले आणि पुढे फेकलेल्या पासवरची वीस यार्डांची मर्यादा उठली. अंगाने आडदांड नसलेल्या, पण चपळ आणि डोकेबाज संघाला हे बदल मानवणारेच होते.

सुरुवातीचे सामने एकतर्फी झाले; व्हिलानोव्हाचा तर ६५-० असा धुव्वा उडाला. वॉशिंग्टन अँड जेफर्सनविरुद्ध मात्र गुणफलक ०-० राहिला. त्यानंतर सिरॅक्यूस ३३-० आणि पिट्सबर्ग ४५-८ असे हरले. २६ ऑक्टोबरला जॉर्जटाउनला ३४-२० असे नमवून संघ निघाला आणि एक दिवस जातो न जातो तोच कॅनडात टोरोंटोविरुद्ध उतरून ४९-१ ने जिंकला. एवढा प्रवास करून लगेच पुन्हा मैदानात उतरणाऱ्या या पोरांच्या दमाला दाद द्यावी तेवढी थोडीच.

हंगामाचा कळस ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गाठला गेला. वुंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने मूळनिवासी लकोटा लोकांची कत्तल केली त्याला जेमतेम बावीस वर्षे झाली होती, आणि इथे भावी सेनाधिकारी व मूळनिवासी तरुण समोरासमोर उभे होते. लष्करी संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ड्वाइट आयझेनहॉवरही होता. पहिला टचडाउन लष्कराने केला. पण वॉर्नर यांनी नवीच रचना आणली होती: दोन्ही हाफबॅक आघाडीच्या फळीच्या दोन टोकांबाहेर, किंचित मागे उभे. चेंडू कोणाकडे जाणार, धाव कोणत्या बाजूने येणार, याचा बचाव करणाऱ्यांना पत्ताच लागेना. लष्कराचा कर्णधार लेलँड डेव्होर समोरच्या गायॉनवर इतका चिडला की आडदांडपणाबद्दल पंचांनी त्याला बाहेर काढले. अर्कासाने तीन टचडाउन केले, थॉर्पने लांब लांब धावा घेतल्या आणि निकाल लागला २७-६.

पुढच्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४-२६ असे हरवले. हंगामातला हा एकमेव पराभव. स्प्रिंगफील्डविरुद्धची लढतही चुरशीची झाली, ती कार्लाइलने ३०-२४ अशी जिंकली. २८ नोव्हेंबरला ब्राउनला ३२-० ने हरवून हंगाम संपला.

थॉर्पने पूर्वी पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याचे जानेवारी १९१३ मध्ये उघड झाले आणि ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने त्याची पदके काढून घेतली गेली. असे सामने इतर कॉलेजांचे खेळाडूही खेळत, फक्त खोट्या नावांनी. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. हा त्याच्यावरचा अन्याय होता. १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता ठरवले गेले, एकमेव विजेतेपद मिळायला २०२२ उजाडले.

वेल्चच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज केला. १९१४ मध्ये संसदेच्या समितीने चौकशी केली, त्यात फुटबॉलच्या पैशांचा व्यवहार आणि वॉर्नर यांची वागणूक या दोन्हींवर बोट ठेवले गेले. वॉर्नर पिट्सबर्गला गेले, शाळा १९१८ मध्ये बंद पडली. थॉर्प १९२० मध्ये आजच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या पूर्वसुरी संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला. वेल्चने वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलेजसंघाला प्रशिक्षण दिले.