वाटाण्याचा सिनेमा

मागच्या आठवड्यातली गोष्ट. लेकीने खिडकीतल्या कुंडीत मेथी पेरली होती आणि समोर माझा जुना मोबाईल टेकवून ती दर तासाला एक फोटो काढत होती.

"हे कशासाठी गं?"
"असंच."
"शाळेत मार्क आहेत का याला?"

तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी मोबाईल परत ड्रॉवरमध्ये होता. मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून दादासाहेब फाळके डोक्यातून जात नाहीयेत.

'राजा हरिश्चंद्र'ची गोष्ट आपल्याला पाठ असते. त्याआधीच्या वाटाण्याची मात्र फारशी कोणी सांगत नाही. १९११ च्या सुमारास फाळके चाळिशीत होते. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी पटलं नाही म्हणून तो सोडलेला, घरात मुलंबाळं. त्यात मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि सिनेमाचं वेड लागलं. इतकं, की डोळ्यांवर ताण पडून काही काळ दिसेनासं झालं! उपचारांनी दृष्टी परत आली. मग विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, तंत्र पाहिलं, विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी केली आणि परतले.

आता घाई करायला हवी होती ना? डोक्यावर कर्ज, आणि भांडवलदार तयार नाहीत. अशा वेळी या गृहस्थाने काय करावं? कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावला! महिनाभर थोडी थोडी चित्रं घेत त्या रोपाची वाढ टिपली. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी लागत, म्हणजे मिनिटभराच्या चित्राला ९६० च्या आसपास. पडद्यावर वाटाणा बघता बघता अंकुरला, वर चढला. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्राचं नाव. निवडक मंडळींना ते दाखवलं आणि त्यातून पुढच्या चित्रपटासाठी कर्ज मिळालं. तेही पुरलं नाही. सरस्वतीबाईंचे दागिने गेलेच. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

मला वाटतं, तो वाटाणा नुसता भांडवलदारांना दाखवायचा नमुना नव्हता. प्रकाश, फिल्म धुणं, कॅमेरा न हलवणं, सगळ्याचा सराव त्यात झाला असणार. वाटाणा पगार मागत नाही, रुसत नाही, चुकलं तर दुसरा पेरता येतो. मोठी गोष्ट शिकायला इतकी स्वस्त शाळा कुठे मिळणार! आणि हा खेळकरपणा मुळातलाच. फाळके जादूचे प्रयोग करायचे, तेही स्वतःचं आडनाव उलटं करून, 'प्रोफेसर केळफा' म्हणून! पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांचीच लेक, मंदाकिनी.

त्या महिन्यात फाळक्यांना कोणी "याचा उपयोग काय?" असं विचारलं असेल का? विचारलंच असेल. आपण सगळे विचारतो. मी तर घरातच विचारला.

काल रात्री मीच मूठभर मेथी भिजत घातली. सकाळी लेकीने काही न बोलता ती पेरली आणि ड्रॉवरमधून मोबाईल काढला. मला एकच ताकीद मिळालीय - पाणी घालताना कुंडी हलवायची नाही.