कल्पित राज्यांत उकिरडा कोण उपसतो?



कादंबरीकार नवे जग रचू लागला की आधी नकाशा काढतो, नद्या वाहवतो, राजे बसवतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर झाले. असे पुस्तक हाती पडले की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : या राज्यात उकिरडा कोण उपसतो आणि दिवसाला किती तास?

या कसोटीला दोन ग्रंथ लावू.

पहिला थॉमस मोर यांचा ‘युटोपिया’. १५१६ साली तो लॅटिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी इंग्लंडात लोकरीच्या नफ्यापायी जमीनदार शेतांना कुंपणे घालून तेथे मेंढ्या चारीत होते, आणि शेतकरी देशोधडीला लागत होते. हे दुःख आधी मांडून मोर आपल्याला एका बेटावर नेतात. तेथे ५४ शहरे आहेत. खाजगी मालमत्ता नाही. काम रोज सहा तास. कारण बसून खाणारे जवळजवळ कोणी नाहीत. सोन्याची तर अशी फजिती की त्याची शौचपात्रे करतात आणि गुलामांच्या बेड्या घडवतात. होय, गुलामांच्या! भोजनगृहातली जड व घाणीची कामे त्यांचीच, जनावरे कापणेही त्यांचेच. एवढ्या थोर बुद्धीच्या पुरुषालाही हलक्या कामाला वेगळी माणसे लागलीच.

दुसरा ग्रंथ विल्यम मॉरिस यांचा ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’. १८९० साली ‘कॉमनवील’ या समाजवादी पत्रातून तो क्रमशः आला. मॉरिस यांचे म्हणणे, कामातच आनंद असला पाहिजे. त्यांच्या भावी लंडनमध्ये बॉफिन नावाचा कचरा उचलणारा भेटतो. त्याच्या अंगावर सोन्याने मढवलेले भरजरी कपडे, आणि छंद कादंबऱ्या लिहिण्याचा! मोर यांनी सोने गुलामाच्या पायात घातले. ३७४ वर्षांनी मॉरिस यांनी ते कचरेवाल्याच्या अंगावर चढवले.

त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे गिरणी कामगारांच्या पदरात रविवारची सुटी पडली. तिकडे कागदावर जग पालटत होते, इकडे आठवड्याचा एक दिवस. आम्हाला दोन्ही सारखीच मोलाची वाटतात. आधी कल्पिल्यावाचून माणूस काही मागत नाही.

बॉफिनची गोष्ट आम्ही एका सभेत सांगितली. सफाईकाम करणाऱ्या एका बाई उठून म्हणाल्या, “भाऊ, त्या कपड्यांत गटारात उतरायचं कसं?” सभा हसली, मग गप्प झाली. सुरक्षा साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी माणसे उतरतात आणि गुदमरून मरतात.

मॉरिस यांनी कचरेवाल्याला मान दिला, पण त्याचे काम कसे चालते ते दाखवले नाही. यापुढे जो कोणी नवे जग रचील, त्याने राजवाड्याआधी त्याची गटारे आखावीत. त्या बाईंना अजून उत्तर मिळायचे आहे.