सेवा की आमिष? : आद्य ख्रिस्ती प्रसाराकडे पाहताना

‘प्रोपगंडा’ हा शब्द आज जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. त्याचा उगम मात्र चर्चमध्ये आहे. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसारासाठी रोममध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या लॅटिन नावातून तो आला. त्यामुळे ख्रिस्ती धर्माचा अगदी आरंभीचा प्रसारही त्याच जातीचा असेल, असे सहज वाटते. पहिल्या शतकातील लेखन वाचताना मला वेगळे चित्र दिसते.

१९८४ साली जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी जनसंपर्काचे चार नमुने मांडले : नुसता गाजावाजा, एकतर्फी माहिती, लोकांचा कानोसा घेऊन त्यांनाच वळवणे, आणि दोन्ही बाजूंनी ऐकून, वेळ पडल्यास संस्थेने स्वतः बदलणे. आजची परिभाषा इतकी मागे नेताना जपावे लागते. तरीही चौथ्या नमुन्याशी जुळणारा एक प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात आहे.

इ. स. ४९च्या सुमारास अंत्युखियात वाद पेटला : यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होताना सुंता केलीच पाहिजे का? यरुशलेमेत पेत्र, याकोब, पौल, बर्णबा या सर्वांसमक्ष चर्चा झाली. सुंतेची सक्ती नको, मूर्तीला वाहिलेले अन्न टाळण्यासारखे मोजके नियम पुरेत, असे ठरले. निर्णय पत्रात लिहिला आणि तो तोंडी समजावून सांगायला यहूदा व सीला हे दोघे सोबत धाडले. इथे शब्द गोड केले नाहीत, अटच काढली.

पौलाच्या पत्रांतही हे ऐकणे आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायापासून तो त्यांनी लिहून पाठवलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो. सरकारी टपाल सामान्यांसाठी नव्हते, म्हणून पत्र नेणारा विश्वासातलाच लागे. रोमकरांस लिहिलेले पत्र किंख्रियाच्या फिबीने नेले असे अनेक अभ्यासक मानतात. पौल त्या पत्रात तिची शिफारस करतो.

पण केवळ वाणीने धर्म पसरला, हे मला पटत नाही. अथेनैमध्ये पौलाने तिथल्याच ‘अज्ञात देवा’च्या वेदीपासून सुरुवात करून, ग्रीक कवींचा दाखला देत भाषण केले. काहींनी टर उडवली. विश्वास ठेवणारे थोडेच निघाले.

मग लोकांना ओढले कशाने? याची साक्ष मी विरोधकाकडून घेईन, कारण स्वतःच्या तोंडच्या स्तुतीला जनसंपर्कात किंमत कमी. सम्राट ज्युलियन (इ. स. ३६१–३६३) जुन्या देवतांचा कट्टर पुरस्कर्ता. एका पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो, की आपल्या पुजाऱ्यांनी गरिबांकडे पाठ फिरवली आणि ‘गालीलकरां’नी नेमके तेच हेरून दानधर्म हाती घेतला. लगेच तो आरोपही करतो : लहान मुलांना खाऊ दाखवून पळवणाऱ्यांसारखे हे लोक आहेत.

सेवा की आमिष, हा आजही ऐकू येणारा वाद सोळा शतकांपूर्वीच असा मांडला गेला होता. हेतू तपासणे इतिहासकाराच्या हातात नसते. परंतु ज्युलियनने उपाय कोणता सुचवला, हे तपासता येते. त्याच पत्रात तो आपल्या पुजाऱ्यांना गरिबांना, अगदी शत्रूलाही, वाटून खाण्याचा उपदेश करतो. ज्याला तो आमिष म्हणत होता, त्या कामाची उणीव आपल्याकडे आहे, हे त्याने ओळखले होते.

इ. स. ३८०मध्ये थिओडोसियस सम्राटाच्या फर्मानाने नायसियाचा ख्रिस्ती पंथ राज्यमान्य झाला आणि त्याच शतकाच्या अखेरीस जुन्या देवतांचे यज्ञबळी कायद्याने बंद झाले. अंत्युखियाला उत्तर देताना यरुशलेमकरांपाशी ना सैन्य होते, ना खजिना. ऐकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. थिओडोसियसच्या काळातील चर्चपाशी सम्राट होता. चौथ्या नमुन्याची खरी परीक्षा, माझ्या मते, तिथून सुरू झाली, आणि तीत ते चर्च उतरले नाही.